हप्ता बारमाही, धान मात्र एकदाच

(गोरेगाव, जि. गोंदिया येथे ‘गृहकर्जाच्या अटी आणि घरांची मागणी’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा विषय वाट चुकून इकडे आला. तो मुंबईच्या गोरेगावचा असावा. तसे वाटणे स्वाभाविक आहे. रेपो दर, गृहकर्ज, मासिक हप्ता हे शब्द आपण महानगरांच्या संदर्भातच ऐकतो. रिझर्व्ह बँकेने दर पाव टक्क्याने उतरवला की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ‘घर घेणे स्वस्त होणार’ असा मथळा येतो, आणि त्याखाली वीस-बावीस मजली इमारतीचे छायाचित्र असते. कवेलूचे छप्पर उतरवून तेथे दोन खोल्यांचा पक्का निवारा उभारू पाहणाऱ्या धान उत्पादकाचे छायाचित्र त्या मथळ्याखाली मी अजून पाहिलेले नाही.

फेब्रुवारी २०२५ पासून जून २०२५ पर्यंतच्या पाच महिन्यांत रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर आला. एक पूर्ण टक्का. या एका टक्क्यामुळे गोरेगाव तालुक्यात किती घरांचे पाये अधिक खणले गेले? हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. ज्यांच्या घरी नोकरीचे वेतन येते त्यांचे उत्तर वेगळे असेल आणि ज्यांच्या घरी धानाचे चुकारे येतात त्यांचे उत्तर वेगळे असेल. या दोन उत्तरांमधील अंतर हाच आजच्या चिंतनाचा विषय आहे.

प्रथम दराचे गणित समजून घेऊ. कारण त्यात तथ्य नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. दहा लाख रुपयांचे कर्ज वीस वर्षांसाठी घेतले, तर चौदा टक्के दराने मासिक हप्ता सुमारे १२,४३५ रुपये येतो. तेच कर्ज आठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ८,३६४ रुपये. म्हणजे घर तेच, रक्कम तीच, मुदत तीच. पण दरमहा चार हजारांहून अधिक रुपये वाचतात. बँक कर्ज देताना साधारणपणे असे पाहते की, हप्ता वेतनाच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांपलीकडे जाऊ नये. दरमहा पंचवीस हजार रुपये हप्ता भरू शकणाऱ्या शिक्षकाला दहा टक्के दराने सुमारे २६ लाखांचे कर्ज बसते आणि साडेआठ टक्क्यांनी जवळजवळ २९ लाखांचे. त्याचे वेतन एका रुपयाने वाढलेले नसते, तरीही त्याची खरेदीशक्ती तीन लाखांनी वाढलेली असते. घरांची मागणी वाढते ती अशी.

आपल्या देशात हे गणित सामान्य मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल, त्यांत हसमुखभाई पारेख यांचे नाव अग्रभागी आहे. आयुष्यभराची सेवा संपवून, वयाच्या ६६ व्या वर्षी, १९७७ साली त्यांनी गृहकर्जासाठी एचडीएफसी ही स्वतंत्र संस्था उभी केली. त्यापूर्वी नोकरदार माणूस घर बांधत असे ते निवृत्तीच्या वेळी, भविष्य निर्वाह निधी हाती आल्यावर. ऐन उमेदीत घर आणि त्याचे ऋण उत्पन्नातून फेडणे, हा क्रम त्यांनी रुजवला. १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक स्थापन झाली. पुढे अटलजींच्या कारकिर्दीत व्याजदर झपाट्याने उतरले. नव्वदच्या दशकाच्या मध्यास पंधरा टक्क्यांच्या आसपास असलेला दर २००३-०४ पर्यंत आठ टक्क्यांपर्यंत आला. त्याच वेळी, २००१ च्या अर्थसंकल्पात गृहकर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर सवलतीची मर्यादा दीड लाख रुपये झाली. पुणे, नाशिक, नागपूर या शहरांभोवतालची शेते त्या चार-पाच वर्षांत कशी ले-आऊटमध्ये रूपांतरित झाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोरोनाच्या काळातही तेच घडले. राज्य शासनाने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणले आणि गृहकर्जाचे दर सात टक्क्यांच्या खाली गेले. सारे जग घरात बसलेले असताना डिसेंबर २०२० या एका महिन्यात मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले.

पण या गणिताची दुसरी बाजूही आहे. मागणी वाढली आणि जमीन तेवढीच राहिली, तर वाचलेला हप्ता ग्राहकाच्या खिशात राहत नाही. तो प्लॉट पाडणाऱ्याच्या भावात जातो. तीन लाखांची वाढीव कर्जक्षमता घेऊन शिक्षक बाजारात जातो, तेव्हा त्याच्यासारखे आणखी दहाजण तीच क्षमता घेऊन तेथे उभे असतात. स्वस्त कर्जामुळे घर स्वस्त होते, हे म्हणूनच अर्धसत्य आहे. जेथे पुरवठा वाढू शकतो तेथेच ते पूर्ण सत्य ठरते.

आणि दर नेहमी उतरताच राहत नाहीत. २००९ च्या आरंभी स्टेट बँकेने पहिल्या वर्षासाठी आठ टक्के अशी आकर्षक योजना आणली. पुढील वर्षांचा दर वेगळा होता. रिझर्व्ह बँकेने अशा योजनांविषयी चिंता व्यक्त केली आणि २०११ पर्यंत ती योजना बंद झाली. ही चिंता अनाठायी नव्हती. अमेरिकेत नेमके हेच, याहून कितीतरी बेबंद स्वरूपात, होऊन गेले होते. उत्पन्न नाही, नोकरी नाही, मालमत्ता नाही अशा माणसांना सुरुवातीची दोन वर्षे अल्प व्याजाचे आमिष दाखवून कर्जे वाटली गेली, ती कर्जे गठ्ठ्यांनी जगभर विकली गेली, आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही दीडशे वर्षांहून जुनी पेढी कोसळली. कर्ज देणारा आणि कर्जदार यांचे मुखदर्शनही ज्या व्यवस्थेत होत नाही, त्या व्यवस्थेची ती परिणती होती. आपल्याकडील तथाकथित अर्थपंडित तोपर्यंत त्याच व्यवस्थेचे पोवाडे गात होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

आपल्याकडे २०२२-२३ मध्ये जे घडले ते तितके भयंकर नव्हते, पण बोधप्रद होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ज्याने नुकतेच सात टक्क्यांनी दहा लाख रुपये घेतले होते, त्याचा हप्ता ७,७५३ रुपये होता. दर साडेनऊ झाला तेव्हा पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच ७,९१७ रुपये होऊ लागले. हप्ता तोच ठेवला, तर माणूस नियमाने हप्ता भरतो आहे आणि मुद्दल मात्र दरमहा वाढते आहे! बँका हप्ता न वाढवता मुदत वाढवत होत्या आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसे. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा आणि मुदत वाढवल्याने मुद्दलच वाढत जाईल असे होऊ देऊ नये. आपल्यापैकी ज्यांचे गृहकर्ज चालू आहे त्यांनी बँकेकडून उरलेल्या हप्त्यांची संख्या लेखी मागून घ्यावी. परिवर्तनीय दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही, हा नियम २०१२ पासून आहे, हेही ध्यानात असू द्या.

आता आपल्या तालुक्याकडे वळू.

गोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे, येथे नगरपंचायत आहे; पण तालुका कृषिप्रधान आहे आणि शेती धानाची आहे. मृगात पेरणी, आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणी, मग आधारभूत खरेदी केंद्रावर धान देणे आणि त्यानंतर चुकाऱ्याची वाट पाहणे. ज्यांच्या बांधीला उन्हाळ्यातही पाणी मिळते ते उन्हाळी धान घेतात. इतरांचे उत्पन्न वर्षातून एकदाच घरात येते. या माणसाला घर नको असते असे नाही. मुलाचे लग्न ठरवायचे तर पाहुणे प्रथम घर पाहून जातात. दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायला लागतात. ते फेरणारे हात आणि नवे कवेलू, दोन्ही दुर्मीळ होत चालले आहेत. मागणी आहे आणि ती तीव्र आहे. ती बँकेच्या खिडकीपर्यंत पोहोचत का नाही?

पहिले कारण कागदाचे. कर्ज देणारी संस्था घर तारण घेते ते बहुधा दोन प्रकारांनी: नोंदणीकृत गहाणखत करून किंवा मूळ हक्कलेख ठेवून घेऊन. दुसरा प्रकार स्वस्त आणि सोपा. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हक्कलेख ठेवून गहाण करण्याची सोय कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि राज्य शासनाने अधिसूचित केलेली शहरे एवढ्यांपुरतीच दिली. मालमत्ता कोठेही असो, कागद अधिसूचित शहरात नेऊन सुपूर्द करावे लागतात. इंग्रजांनी व्यापारी पेठांच्या सोयीसाठी आखलेली ही रेषा आजही खेड्यातील माणसाच्या मार्गात उभी आहे.

त्याहून मोठा प्रश्न असा की, मूळ हक्कलेख आहे कोणाजवळ? आपल्या भागातील गावे मालगुजारीतील. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. तलाव ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव झाले, आबादीची जमीन शासनाकडे आली आणि घरे राहणाऱ्यांकडे राहिली. परंतु आबादीतील प्रत्येक घराच्या तुकड्याचा स्वतंत्र नकाशा आणि स्वतंत्र मालकी अभिलेख बहुसंख्य खेड्यांत झालाच नाही. घरधनी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा घेऊन बँकेत जातो. तो उतारा कर आकारणीचा आहे. मालकी सिद्ध करण्यास तो पुरत नाही. तीन पिढ्या त्या घरात नांदलेला माणूस कागदोपत्री त्या घराचा कोणीच नसतो.

मग तो म्हणतो, शेतावर बांधतो. तेथे दुसरी अडचण. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी २००२ साली सरफेसी कायदा झाला. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार त्याने बँकांना दिला. पण कृषी जमिनीवरील तारणाला आणि एक लाखापर्यंतच्या येण्याला तो कायदा लागू होत नाही. हा अपवाद शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आहे आणि तो राहिलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र त्याचा परिणाम असा की, जमीन अकृषक करून आणल्याशिवाय गृहकर्ज देणारी संस्था त्या फायलीला हात लावत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरपर्यंतच्या जमिनीला निवासी वापरासाठी महसूल संहितेने वाट सोपी करून दिली आहे. ती किती जणांना ठाऊक आहे? आमच्या गोंड बांधवांची स्थिती आणखी नाजूक. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीच्या हाती जाऊ नये म्हणून संहितेतील कलम ३६-अ आहे. ते त्यांचे कवच आहे. पण ज्या तारणाला मुक्त बाजार नाही, त्यावर बँक दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यास धजत नाही. कवच राखायचे आणि घरही उभे राहायचे, तर हमी दुसऱ्या कोणी तरी घेतली पाहिजे. ती शासनाने घ्यावी असे माझे मत आहे.

दुसरे कारण हप्त्याच्या रूपाचे. आणि मित्रहो, हे मला व्याजदराहून दहापट महत्त्वाचे वाटते.

गृहकर्जाचा हप्ता मासिक असतो, कारण वेतन मासिक असते. सारी रचना पगारदाराचे पंचांग समोर ठेवून केलेली आहे. ३१ मार्च २००४ पासून बँकांना नव्वद दिवसांचा नियम लागू झाला: हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक. आता धान उत्पादकाचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. जानेवारी-फेब्रुवारीत चुकारा आला. त्यातून पीक कर्ज, दुकानदाराची उधारी, लग्नकार्य भागले. वैशाखापासून हात आखडला. मृगात बियाणे-खते आली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरात रोकड नाही. धान शेतात हिरवे उभे आहे. नव्वद दिवस उलटून जातात. हा मनुष्य बुडवा नाही, नादार नाही. दिवाळीनंतर तो पैन् पै भरणार आहे. पण संगणकाने त्याला थकबाकीदार ठरवलेले असते, पतमापन संस्थेच्या नोंदीत त्याच्या नावापुढे तसा शिक्का पडलेला असतो आणि पुढल्या वर्षी त्याच्या भावालाही बँक नकार देते.

एक हिशेब मांडतो. चार लाखांचे कर्ज, पंधरा वर्षे मुदत, नऊ टक्के दर. मासिक हप्ता ४,०५७ रुपये. वर्षाकाठी बारा हप्त्यांचे होतात सुमारे ४८,७०० रुपये. हेच कर्ज वर्षातून एकदा, चुकारा आल्यावर फेडायचे ठरवले, तर मासिक चक्रवाढ धरूनही वर्षाचा एक हप्ता सुमारे ५०,७०० रुपये येतो. फरक अवघा दोन हजारांचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाली होती. त्या भावाने हा पूर्ण हप्ता म्हणजे सुमारे साडेएकवीस क्विंटल धान. शेतकऱ्याला हा हिशेब लगेच समजतो. तो म्हणेल, एवढे धान मी वेगळे काढू शकतो किंवा नाही काढू शकत. दरमहा ४,०५७ रुपये ही भाषा त्याच्या संसाराची नाही. वर्षाला दोन हजार रुपये अधिक देऊन जर नव्वद दिवसांची टांगती तलवार दूर होत असेल, तर तो आनंदाने देईल. बँकेला येथे कोणताही त्याग करावयाचा नाही. व्याज तिला पूर्ण मिळतेच.

आपणास आश्चर्य वाटेल, पण हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने मान्य केलेले आहे. इंदिरा आवास योजना आणि १९९७-९८ मध्ये सुरू झालेली स्वर्णजयंती ग्रामीण गृहवित्त योजना यांखाली शेतकऱ्यांना दिलेल्या घरकर्जांचे हप्ते पीकचक्राशी जोडावेत, असे तिच्या निर्देशांत स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे विचार नवा नाही, क्रांतिकारक नाही आणि अव्यवहार्य तर मुळीच नाही. तो दोन योजनांच्या चौकटीत बंदिस्त राहिला एवढेच. पीक कर्ज हंगामाप्रमाणे फेडायचे आणि त्याच शेतकऱ्याचे घरकर्ज मात्र महिन्याप्रमाणे, या विसंगतीचे समर्थन कोणत्या अर्थशास्त्रात आहे, ते मला ठाऊक नाही.

मग ही दडपलेली मागणी जाते कुठे? ती नाहीशी होत नाही. गावात फिरताना अर्धवट घरे दिसतात: एका वर्षी जोता, दुसऱ्या वर्षी भिंती, मग तीन-चार वर्षे स्लॅबची प्रतीक्षा, वर लोखंडी सळया गंजत उभ्या. ही कर्जाविना झालेली घरबांधणी. तिचे एक मोठेपण आहे, घर ऋणमुक्त राहते. पण रेती, विटा, लोहा यांचे भाव दरवर्षी चढतात, आणि गंजलेल्या सळईची ताकद परत येत नाही. काहीजण शेवटचा टप्पा गाठण्यासाठी सूक्ष्म वित्तसंस्थांच्या दारी जातात. तेथे कागद मागत नाहीत, तारण मागत नाहीत. पण व्याज बहुधा वीस टक्क्यांच्या वर आणि वसुली आठवड्याची वा पंधरवड्याची. गटातील एकीचा हप्ता चुकला की शेजारणीच्या नात्यात कडवटपणा येतो. गावाचे सामाजिक भांडवल असे खर्ची पडणे हे मला व्याजाहूनही महाग वाटते. आणि काहीजण सावकाराकडे जातात. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची गहाणखते आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली कायदा झाला. २०१४ साली राज्याने सावकारी नियमनाचा नवा कायदा केला. कायदे झाले, परंतु पर्यायी कर्ज उभे राहिले नाही तेथे सावकार राहिलाच.

शासनाच्या सवलतींचा झुकाव कोणत्या दिशेने राहिला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी विभागात अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज अनुदान होते. लाभ २ लाख ६७ हजारांपर्यंत जाई. ग्रामीण भागासाठी त्यानंतर जी व्याज अनुदान योजना आली, तिच्यात दोन लाखांच्या कर्जावर तीन टक्के. आता नागरी योजनेचा दुसरा टप्पा आला आहे. त्यात पहिल्या आठ लाखांवर चार टक्के आहे. प्राप्तिकराची सवलत कर भरणाऱ्यालाच मिळते. शेती उत्पन्न करमुक्त असल्याने शेतकऱ्याच्या पदरी त्यातले काहीच पडत नाही. याउलट ग्रामीण भागाला घरकुलाचे थेट अनुदान आहे, ही जमेची मोठी बाजू. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणखाली गोंदियासारख्या जिल्ह्यांसाठी ते १ लाख ३० हजार रुपये ठरले. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे अनुदान वेगळे. पूर्वीच्या योजनांच्या तुलनेत हे काम खरोखर वेगाने आणि पारदर्शकतेने झाले. त्याच योजनेत इच्छुक लाभार्थ्याला ७० हजारांपर्यंत बँक कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात ती कोणी वापरली आहे का, हे ग्रामसभेत विचारा. अनुदान अतिगरिबाला मिळते, कर्ज वेतनधारकाला मिळते. या दोहोंमध्ये चार-पाच एकरांचा कुटुंबवत्सल शेतकरी उभा आहे आणि त्याच्यासाठी दोन्ही दारे बंद आहेत.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. अर्थाचा अभाव जसा धर्माला बाधक, तसाच अर्थाचा प्रभावही बाधक, हा विचार त्यांनी मांडला. गृहकर्जाच्या क्षेत्रात हे दोन्ही दोष एकाच वेळी दिसतात. महानगरात प्रभाव: उत्पन्नाच्या मर्यादेपलीकडे हप्ते, गुंतवणूक म्हणून घेतलेली आणि कुलूप लावून ठेवलेली घरे. येथे अभाव. अंत्योदयाची कसोटी लावायची तर व्याजदर पाव टक्का उतरला की नाही, यापेक्षा रांगेतील शेवटच्या माणसाच्या पंचांगात कर्ज बसले की नाही, हे पाहावे लागेल.

यावर उपाय परदेशातून आणण्याची आवश्यकता नाही. पण परदेशातील चांगले पाहण्यास हरकतही नाही. जर्मनीत १९२० च्या दशकापासून बचत-गृहसंस्था चालतात. सदस्य आधी काही वर्षे ठरावीक बचत करतो, त्या बचतीच्या प्रमाणात त्याला आधी ठरलेल्या दराने कर्ज मिळते. आपल्याकडे मुंबईतील गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. त्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे कष्ट होते. तीही मध्यमवर्गीयांनी एकमेकांच्या पतीवर उभारलेली. लक्ष्मणराव इनामदारांनी सहकार भारतीचा पाया घातला तो याच जाणिवेने, की सहकारावर संस्कार असेल तर तो समाजाचा आधार होतो आणि संस्कार नसेल तर काय होते, ते महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांच्या गृहकर्जाच्या मर्यादा वाढवल्या. जिल्हा सहकारी बँकांना आता पन्नास ते पंचाहत्तर लाखांपर्यंतचे कर्ज देता येते. आपली गरज चार-पाच लाखांची आहे. मर्यादेचा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो वार्षिक हप्त्याची योजना आखून संचालक मंडळापुढे ठेवण्याचा. सेवा सहकारी संस्थेला आपल्या सभासदाची बांधी ठाऊक असते, त्याचे धान ठाऊक असते, त्याचा स्वभावही ठाऊक असतो. ही माहिती मुंबईतील कोणत्याही संगणकाजवळ नाही.

प्रत्येकाने कर्ज काढून घर बांधावे, असे मी सुचवीत नाही. ज्याच्याकडे साडेएकवीस क्विंटल वेगळे काढण्याइतके पीक नाही, त्याने चार लाखांचे कर्ज घेऊ नये. त्याने दोन खोल्यांऐवजी एक बांधावी. सलग दोन हंगाम बुडू शकतात, हे गृहीत धरूनच मुदत ठरवावी आणि एका वर्षाचा हप्ता आधी ठेव म्हणून बाजूला पडलेला असावा.

आता उरला कागदाचा प्रश्न, आणि येथे आपल्या कार्यकर्त्यांना वाव आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाणाचे मोजमाप करून प्रत्येक घराला मिळकत पत्रिका देण्याची ही योजना. महाराष्ट्रात तिचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झालेला होता. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात एकाच दिवशी ६५ लाख पत्रिकांचे वितरण झाले. घराच्या तारणावर बँकेचे कर्ज मिळावे, हा या योजनेचा घोषित हेतूच आहे. मात्र पत्रिका हाती येताना एक गोष्ट होऊन बसते. घर आजोबांच्या नावाने लागलेले असते, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली असतात, दोन काका पुण्याला किंवा सुरतेला असतात आणि आत्यांची नावे कोणी घेतच नाही. पत्रिकेवर ज्याचे नाव चढले तो एकटा मालक, असा समज करून घेतला तर पुढे बँक हरकत घेईल आणि घरात भांडण होईल, ते वेगळेच. सर्व वारसांची नोंद आधी झाली पाहिजे. लेकींचीही, कारण कायद्याने त्यांचा हक्क आहे. नवे घर बांधताना पत्नीचे नाव जोडीने लावावे. महिलेच्या नावे खरेदीला राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे.

वारसनोंदीसाठी काय लागते? मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. शेताची नोंद तलाठ्याकडे, गावठाणातील मिळकत पत्रिकेची भूमी अभिलेख कार्यालयाकडे आणि नमुना आठची ग्रामपंचायतीकडे. या तीन नोंदी वेगवेगळ्या आहेत, एक झाली म्हणजे तिन्ही झाल्या असे होत नाही. ज्या घरांत ही नोंद राहिली आहे, त्यांची यादी गावातील दोन-तीन तरुणांनी घरोघर जाऊन केली, तर लहान गावात आठवड्याचे काम आहे. रोवणी आटोपल्यावर आणि कापणी लागण्यापूर्वी, भाद्रपदात तेवढी सवड मिळते. बाहेरगावी असलेली भावंडेही गणपती-महालक्ष्म्यांना घरी आलेली असतात. सह्या तेव्हाच होतात.